नमुन्याच्या तीन वाट्या

मार्गोबाईंची मेल आली तेव्हा मी कोपरीच्या बाजारात नारळवाल्याशी हुज्जत घालत होते. तो नारळ दगडावर आपटून देत होता आणि मी त्याला सांगत होते, बाबा रे, असा आपटू नकोस, करवंटीच्या चिरफळ्या उडतात, मधोमध फोड. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला खोबरं पाहिजे का करवंटी?" मी म्हटलं, "करवंटी." बाई कामातून गेली, असा चेहरा करून त्याने पिशवी पुढे केली. तेवढ्यात फोन वाजला. मी मेल वाचली, परत वाचली, आणि पिशवी त्याच्याच गाडीवर विसरून घराकडे पळत सुटले.

चोवीसशे वाट्या! नेदरलँड्समधल्या या बाईंची सोळा दुकानं आहेत. त्या दुकानांसाठी करवंटीच्या चोवीसशे वाट्या, आणि माल पसंत पडला तर दर तीन महिन्यांनी पुन्हा तेवढ्याच.

"महेंद्र! अरे महेंद्र!" मी जिन्यातूनच ओरडले. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकू दार उघडून बाहेर आल्या, त्यांना वाटलं कोणीतरी गेलं. माझा नवरा महेंद्र टूथब्रश तोंडात ठेवून उभा. मी त्याला मेल वाचून दाखवली. त्याने चूळ भरली आणि शांतपणे विचारलं, "नारळ कुठायत?"

असा माणूस आहे तो. बँकेत आहे, आणि घर जळत असलं तरी त्याला टोमणा सुचेल. मी ठाण्यात एका निर्यात कंपनीत अठरा वर्षं कागदपत्रांच्या टेबलावर काढली. लोकांचा मसाला, लोकांच्या सतरंज्या, लोकांचं लोणचं माझ्या सहीने बोटीवर चढलं. मग कंपनीने ठाण्याचं ऑफिस बंद केलं आणि आम्हा अकरा जणांना नारळ दिला. त्या संध्याकाळी मी रडत होते, तर हा म्हणतो, "हेमा, नारळ मिळालाच आहे, तर त्याचंच काहीतरी कर." मला इतका राग आला की मी खरंच केलं.

विठ्ठलवाडी स्टेशनपासून दहा मिनिटांवर गाळा घेतला. करवंट्या घासायला, धुवायला, वाळवायला सात बायका, त्यांच्यावर रतन. रतनचा आवाज एवढा की तिला मोबाइलची गरजच नाही. आणि मशीनवर धोंडिबाकाका. धोंडिबाकाका जातीचे कातारी. उल्हासनगरच्या फर्निचर कारखान्यांत तीस वर्षं पलंगाचे पाय कातले, पॉलिश केलं. करवंटी हातात घेतली की ते तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करतात, कान देतात आणि सांगतात, "ही चालेल," किंवा "हिला आतून चीर आहे." चीर मला भिंग लावूनही दिसत नाही. महिन्याभराने ती वाटी बरोबर तिथेच उलते.

लोक म्हणतात, करवंट्या काय, फुकट मिळतात. असं म्हणणाऱ्याला मी एक दिवस गाळ्यात आणून बसवणार आहे. एका नारळाच्या दोन करवंट्या. त्यातली एक डोळ्यांची, ती गळते, तिची वाटी होत नाही. दुसरी चांगली, पण देवळातला नारळ फुटतो तो वेडावाकडा. मग कल्याणच्या इडलीवाल्यांकडून मशीनने खवलेल्या घ्यायच्या, तर त्यात मोठी-लहान सगळी भेळ. तेरा सेंटिमीटरच्या वाट्या हव्या असतील तर दहातल्या तीन कामाच्या. जरा ओलावा राहिला की बोटीवर बुरशी. आणि एवढं करून आपण भाव सांगावा, तर समोरचा म्हणतो व्हिएतनामवाले याहून कमीत देतात. देतात, कारण ते वरून चकचकीत वार्निश फासतात! करवंटीचे सगळे दोष त्याखाली झाकले जातात. दोन वर्षांत माझी निर्यात म्हणजे चाळीस-चाळीस वाट्यांची दोन पार्सलं, तीसुद्धा महेंद्रच्या मावसबहिणीच्या ओळखीने.

मार्गोबाईंना नेमकं तेच वार्निश नको होतं. त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं: वाटीला खोबरेल तेलाशिवाय थेंबभर काही लावायचं नाही, आणि तसा प्रयोगशाळेचा दाखला पाहिजे. आंबट पाणी गरम करून वाटीत ठेवतात, तेल ठेवतात, आणि वाटीतून काही उतरतं का बघतात. काही उतरलं नाही तर माल रवाना. उतरलं तर राम राम.

मला तर ही अट म्हणजे देवच पावला असं वाटलं. खोबरेल तेलाशिवाय आम्ही लावतोच काय! धोंडिबाकाका मात्र कुरकुरले.

"ताई, तेलानं काय उजळणार? एक हात लाखेच्या पॉलिशचा मारला ना, आरसा होईल, आरसा."

"काका, आरसा नकोय त्यांना, वाटी हवीय."

"बरं," म्हणाले आणि कामाला लागले.

पुढचे वीस दिवस मी जमिनीवर नव्हतेच. सकाळी कल्याणला जाऊन इडलीवाल्यांच्या मागच्या दाराशी पोत्यातून करवंट्या निवडायच्या, दुपारी गाळ्यात, संध्याकाळी बोटीचं बुकिंग, पेटीचं माप, कीड लागू नये म्हणून धुरी दिल्याचा कागद. अठरा वर्षं हे सगळं दुसऱ्यांसाठी केलं होतं. आता माल पाठवणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव लिहिताना मला प्रत्येक वेळी हसू फुटायचं. एकदा तर बुकिंगच्या रांगेत उभी असताना फुटलं, मागचा माणूस दोन पावलं सरकला. गाळ्यात वाट्यांच्या उतरंडी चढत होत्या, तपकिरी, काळपट, तांबूस, प्रत्येकीची नक्षी वेगळी. रतन म्हणायची, "ताई, परदेशातली माणसं खरंच यात खाणार? आमच्याकडे यात कोंबडीला पाणी ठेवतात." आणि मग आम्ही सगळ्याजणी हसत सुटायचो.

तेवीसशेव्या वाटीच्या आसपास मी त्यातल्या तीन निवडल्या, घरी आणल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी वागळे इस्टेटमधल्या प्रयोगशाळेत देऊन आले. तिथे मैथिली नावाची चष्मेवाली मुलगी बसते. बोलते कमी, लिहिते जास्त. तिने वाट्या उलटसुलट पाहिल्या आणि म्हणाली, "सुंदर आहेत." मी तिला तिथेच पेढा काढून दिला. पेढे मी आदल्या दिवशीच आणून ठेवले होते. महेंद्र म्हणाला होता, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मी म्हटलं, असू दे.

सोमवारी मैथिलीचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही येऊन जाल का? तिन्ही नापास आहेत."

मला आधी वाटलं ती दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय. रिक्षा करून गेले. तिने तीन काचेच्या नळ्या समोर ठेवल्या. आंबट पाणी टाकलं होतं तेव्हा स्वच्छ होतं म्हणे. आता त्यात केशरट तांबडा रंग उतरला होता. तिन्ही नळ्यांत.

"काहीतरी रंग लागलाय आतून," मैथिली म्हणाली. "लाख असू शकते, दुसरं काही असू शकतं. नेमकं काय ते शोधायला वेगळी चाचणी लागेल. पण खाण्याच्या भांड्यातून एवढा रंग उतरला तर मी पास देऊ शकत नाही."

लाख हा शब्द ऐकला आणि माझं डोकं सणकलं. एक हात मारला ना, आरसा होईल!

गाळ्यात पोहोचेपर्यंत मी मनात सगळा खटला चालवून निकालही देऊन टाकला होता. कोणाशी न बोलता सरळ धोंडिबाकाकांच्या फळीपाशी गेले. सँडपेपरच्या गुंडाळ्यांमागे बाटली होती. लाखेचं पॉलिश, अर्धी संपलेली.

"काका, हे काय आहे?"

त्यांनी मशीन बंद केलं. "पॉलिश हाये. घरचे पाट उजळायचेत, म्हणून आणलं."

"आणि वाट्यांना काय लावलंत?"

"तेल. दुसरं काय लावणार?"

"मग रंग कुठून आला? तीन वाट्या, तिन्हीतून तांबडा रंग! तुम्हीच म्हणत होतात ना, एक हात मारला की आरसा होईल?"

"म्हटलं होतं. मारला नाही."

"काका, खोटं बोलू नका!"

हे मी ओरडून म्हटलं. मशीनं बंद, नळ बंद, साती बायकांचे हात जागच्या जागी थांबलेले. धोंडिबाकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे. ॲप्रन काढून खुंटीला लावला, बाटली पिशवीत घातली. आमच्याकडे कोणीही निघताना येतो म्हणतो, अगदी भांडून निघाला तरी. काका म्हणाले, "जातो." आणि गेले.

त्या संध्याकाळी मी मार्गोबाईंना कळवलं की नमुने नापास झाले, कारण शोधतोय. लपवून उपयोग नव्हता, अहवालाची प्रत थेट त्यांच्याकडे जातच होती. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. शनिवारपर्यंत कारण लेखी द्या आणि नवीन अहवाल द्या, नाहीतर मी दुसरीकडे बघते. मी जेवले नाही. महेंद्रने आमटीत पाणी जास्त घातलंय असंसुद्धा म्हटलं नाही, यावरून काय ते समजा.

मंगळवारी सकाळी घरी नवा मिक्सर आला. जुना पंधरा दिवस बंद होता, ऑर्डर मीच दिलेली, विसरूनही गेले होते. खोक्यातून काढला, ओट्यावर ठेवला, आणि हात आपोआप देवघराकडे गेला. हळदीचं बोट, कुंकवाचं बोट. मिक्सरच्या पांढऱ्या अंगावर टेकवणार तोच महेंद्र म्हणाला, "अगं, पांढऱ्यावर नको. फ्रिजचं काय झालंय बघ."

फ्रिजच्या दारावर वरच्या कोपऱ्यात गुलाबी डाग आहे. फ्रिज आणला त्या दिवशी मी कुंकू लावलं होतं, त्याला सहा वर्षं झाली. साबण झाला, सोडा झाला, लिंबू झालं, तो डाग काही गेला नाही. रोज दहा वेळा मी त्याच्यासमोर उभी राहते.

मी बोटाकडे पाहिलं, डागाकडे पाहिलं, आणि बोट हवेतच राहिलं.

नमुन्याच्या तीन वाट्या घरी आणल्या त्या रात्री मी त्या देवापुढे ठेवल्या होत्या. आतून, बरोबर मध्यभागी, हळद-कुंकू लावलं होतं. एकीला लावून दोघींना नाही, हे बरं दिसेना, म्हणून तिघींना. सकाळी ओल्या फडक्याने पुसून पिशवीत घातल्या. करवंटी काळपट, वर तेल मुरलेलं, डाग दिसणार कुठून? आणि खरं सांगते, मी काही केलं असं मला वाटलंच नव्हतं. वाटीला काय काय लावलं, हे सोमवारी शंभरदा आठवत होते, तेव्हा हे एकदाही आठवलं नाही. नवीन वस्तूला कुंकू लावणं म्हणजे दार लावून घेण्यासारखं, ते कोण लक्षात ठेवतं?

"महेंद्र, व्हिनेगर काढ!"

"आता?"

"काढ म्हणते ना!"

घरात एक बाद वाटी होती, त्यात आम्ही किल्ल्या टाकतो. किल्ल्या ओतल्या, वाटी घासली, हळद-कुंकू लावलं, पुसलं, गरम पाण्यात व्हिनेगर घालून भरलं. आम्ही दोघं ओट्याशी वाकून बघत बसलो. वीस मिनिटांत पाणी केशरी व्हायला लागलं. तोच रंग. अगदी तोच! मी आनंदाने किंचाळले. माल चांगला आहे! चोवीसशेच्या चोवीसशे वाट्या चांगल्या आहेत, खोट फक्त त्या तिघींत! मी महेंद्रला मिठी मारली, त्याच्या पांढऱ्या शर्टाला कुंकू लागलं.

तो शर्टाकडे बघत म्हणाला, "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस तू."

मी मिठी सोडली. आनंद होताच, पण त्याच्या खालून शरम वर आली, आणि इतकी आली की कान गरम झाले. बँकेची वेळ झाली तरी महेंद्र उभाच होता. "जा," तो म्हणाला. "मिक्सरचं मी बघतो."

धोंडिबाकाकांची खोली गाळ्यापासून जवळच. दार उघडं होतं. ते पाटावर पॉलिश चढवत बसले होते. कापडाचा बोळा, एकाच दिशेने, सावकाश. दोन पाट भिंतीला टेकवून वाळत होते आणि खरंच आरशासारखे दिसत होते.

मी चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. "काका, मी चुकले," म्हटलं. पुढे काय काय बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले. कुंकू, फ्रिज, व्हिनेगर, सगळं उलटसुलट सांगितलं. सांगता सांगता रडायला आलं, तरी सांगत राहिले.

काकांनी बोळा बाटलीच्या तोंडावर ठेवला. "ताई, तीस वर्षं मालकांकडं काम केलं. कोणी म्हटलं नाय, धोंडिबा खोटं बोलतो. चुकतो म्हटलं, म्हातारा झाला म्हटलं. ते चालतं."

"हो काका."

"बायामाणसांसमोर बोललात."

"हो."

"मग इथं येऊन माझ्या कानात सांगून काय उपयोग? तिथं सांगा."

मी सांगितलं. त्याच दिवशी, साती बायकांसमोर, ते मशीनपाशी उभे असताना. धोंडिबाकाका खरं बोलत होते, मी खोटं ठरवलं, आणि चूक माझीच होती, माझ्याच हाताची. मग रतन म्हणाली, "म्हणजे देवानंच नापास केलं की ओ, ताई!" आणि जो हशा उसळला, त्यात शेजारच्या गाळ्यातला वेल्डर डोकावून गेला. काका हसले नाहीत. त्यांनी ॲप्रन खुंटीवरून घेतला आणि मशीन सुरू केलं.

बुधवारी मैथिली स्वतः गाळ्यात आली. नवे नमुने या वेळी मी देणार नव्हते, ती तिच्या हाताने उचलणार होती. तिने रबरी मोजे चढवले आणि भरलेल्या पेट्यांतून कुठूनही तीन वाट्या काढल्या. एक तळातली, एक कोपऱ्यातली, एक अशीच. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभी. हात शिवशिवत होते. तीन दिवस लागतील, शनिवारी दुपारपर्यंत अहवाल देते, असं ती म्हणाली.

राहिला तो लेखी कारणाचा कागद. त्यात तीन रकाने: चूक काय, कोणाकडून, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. अठरा वर्षांत मी असे कित्येक भरले आहेत, आणि दुसऱ्या रकान्यात काय लिहायचं हे मला झोपेतसुद्धा माहीत आहे. 'कामगाराकडून.' तिसऱ्यात, 'कामगारास समज दिली.' बाहेरच्या लोकांना हे पटतं. सगळ्या कंपन्या हेच लिहितात, कामगार वाचतच नाही, आणि मालकाची चूक म्हटली की समोरचा बिचकतो. मालकालाच कळत नाही तिथे माल कसला घ्यायचा?

मराठीत कच्चं लिहून मग इंग्रजी करायचं ही माझी पद्धत, तिथे मी 'का' लिहिला. खरंच लिहिला. पलीकडे धोंडिबाकाका एका वाटीची कड बोटाने चाचपत होते, डोळे मिटून. मी कागद फाडला, नवीन घेतला आणि दुसऱ्या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं. पहिल्या रकान्यात कुंकवाची सगळी हकिगत. इंग्रजी करून पाठवून दिल्यावर रतनने मला स्टुलावर बसवून पाणी दिलं.

मार्गोबाईंचं उत्तर आलं. शनिवारी अडीच वाजता व्हिडिओवर बोलू. माल प्रत्यक्ष कोण तपासतो, त्या माणसालाही बसवा.

शनिवारी दीड वाजला, पावणेदोन वाजले, अहवाल नाही. दोन वाजले. मी मैथिलीला फोन करायचा नाही असं ठरवून तीनदा केला. बायकांनी जेवणाचे डबे उघडलेच नव्हते. बोटीवरचा कंटेनर सोमवारी बंद होणार होता. दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला आणि मैथिली तिच्या त्याच सपाट आवाजात म्हणाली, "तिन्ही पास. रंग शून्य."

मी काय केलं ते मला आठवत नाही. रतन सांगते की मी तिला उचललं. रतन माझ्या दीडपट आहे, त्यामुळे मी हे मानत नाही, पण सगळ्याजणी शपथेवर सांगतात.

अडीच वाजता मी आणि धोंडिबाकाका लॅपटॉपपुढे बसलो. काकांनी धुतलेला शर्ट घातला होता. मागे बायका भिंतीसारख्या उभ्या. पडद्यावर मार्गोबाई आल्या, पिकलेले आखूड केस, नाकावर चष्मा, हसू नाही.

"अहवाल पाहिला," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "माल चांगला आहे. माझी अडचण माल नाही. तुमचा कागद आहे."

"कागद?"

"तुम्ही लिहिलंय, चूक मालकाची. कामगाराची असती तर तुम्ही त्याला शिकवाल, असं मी समजले असते. पण मालक चुकला तर त्याला कोण थांबवणार? उद्या तुम्हाला पुन्हा आनंद झाला, तर?"

निर्यातीच्या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे कागद असतो, याला नव्हता. मी लिहिलं तेच चुकलं का, कामगाराचं नाव टाकलं असतं तर आत्ता सुटले असते का, हे सगळं एका दमात मनात येऊन गेलं.

"काय म्हणतायत?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं, जसंच्या तसं.

"सांगा त्यांना," ते म्हणाले, "मी थांबवीन. वाटीला शेवटचा तेलाचा हात मी मारणार, पेटी मी बंद करणार. त्यानंतर ताईंनी मालाला बोट लावायचं नाही. देवाला दाखवायचं असंल तर लांबून दाखवा. आणि काय बिघडलं तर आधी विचारायचं. ओरडायचं नंतर."

बायकांतून कोणीतरी खुदकन हसलं. मार्गोबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, मी काय वाटेल ते सांगू शकले असते. 'तपासणी अधिक कडक करू' असं एक छान वाक्य माझ्या जिभेवर तयारही होतं.

मी सगळं सांगितलं. थांबवीन, बोट लावायचं नाही, लांबून दाखवा. शेवटचं वाक्यही गाळलं नाही, सांगितलं, की हे म्हणतात, आधी विचारायचं, ओरडायचं नंतर.

मार्गोबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही ओरडला होतात का, विचारा त्यांना."

आता हेही मीच विचारायचं! "काका, त्या विचारतायत, मी ओरडले होते का."

काकांनी मान डोलावली. "हो. खोटं बोलता म्हणाल्या."

"येस," मी म्हटलं. "मी त्यांना खोटारडा म्हटलं. ते खरं बोलत होते." माझा चेहरा लालबुंद झालाय हे मला पडद्यावर दिसत होतं.

मार्गोबाईंनी खाली बघून काहीतरी लिहिलं आणि प्रथमच हसल्या. "मालकिणीबद्दल तिच्या तोंडावर असं बोलणारा माणूस ज्या कारखान्यात आहे, तिथला माल मी घेते. त्यांना सांगा, ऑर्डर पक्की. चोवीसशे आता, आणि एप्रिलमध्ये चोवीसशे. पेटीवर तपासनीस म्हणून त्यांचं नाव पाहिजे."

मला नाही सांगितलं त्यांनी. 'त्यांना सांगा' म्हणाल्या. मी काकांकडे वळले आणि सांगायला लागले, पण आवाज फुटेना. एवढं इंग्रजी, एवढे कागद, आणि 'ऑर्डर पक्की' हे दोन शब्द मला मराठीत म्हणता येईनात. शेवटी मी नुसत्या दोन्ही हातांच्या मुठी वर केल्या, आणि रतनने अशी आरोळी ठोकली की मार्गोबाई खुर्चीत मागे सरकल्या. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी हसत होते, रडत होते, नाक पुसत होते, आणि जवळची पेटी बंद करावी म्हणून तिच्याकडे हात नेला.

"ताई," धोंडिबाकाका उठत म्हणाले, "बाजूला व्हा."

मी झाले.